तीन ते सहाची शाळा

कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘माझं महिन्याचं बजेट’. खाली चार रकाने: कपडे, बाहेरचं खाणं, करमणूक, बचत. ह्यूस्टनच्या गल्फ्टन भागातल्या एका केंद्रात शाळा सुटल्यावर नववी-दहावीची मुलं जमतात. तिथे आठवड्यातून एक दिवस मी मदतीला जाते. त्या दिवशी ‘पैशाचं नियोजन’ हे जीवनकौशल्य शिकवायचं होतं. माझ्या टेबलावरच्या पंधरा वर्षांच्या मुलीने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, ‘‘भाडं कुठे लिहायचं?’’

मला आधी वाटलं, गंमत करतेय. तिने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर यादी काढली. घरभाडं, तेही कोपऱ्यावरच्या दुकानातून मनीऑर्डर विकत घेऊन, कारण आईची मजुरी रोख मिळते आणि बिल्डिंगच्या ऑफिसात रोख चालत नाही. तीन तारीख उलटली की दंड. वीज. आईचा फोन. धाकट्या भावाचा दम्याचा पंप. होंडुरासला आजीला पाठवायचे पैसे आणि ते पाठवणाऱ्याचं कमिशन. सगळे आकडे तोंडपाठ. तास संपल्यावर कागद गोळा झाले आणि फाइलला लागले. विषय आर्थिक साक्षरता, उपस्थिती चौदा. मागची बाजू कोणी पाहिली नाही. ग्रँटच्या अहवालाला पुढची बाजू पुरते.

अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांच्या, किशोरवयीनांसाठी शाळेनंतर चालणाऱ्या नेतृत्वाच्या आणि जीवनकौशल्यांच्या वर्गांशी माझं भांडण आहे ते या कागदाच्या दोन बाजूंवरून. वर्ग बंद करा असं मी म्हणणार नाही. गल्फ्टनसारख्या वस्तीत संध्याकाळी एक उजेडाची खोली आणि नावाने हाक मारणारं एक मोठं माणूस मिळणं ही छोटी गोष्ट नाही. पण यातले बरेचसे वर्ग असं धरून चालतात की या मुलांमध्ये काहीतरी कमी आहे आणि ते आपण भरून काढायचं आहे. तिथेच गाडी रुळावरून उतरते. या मुलांवर मोठ्या माणसांच्या जबाबदाऱ्या आधीच आहेत. अडतं ते माहितीवाचून, ओळखीपाळखीवाचून, वेळ आणि पैशावाचून आणि संस्थेच्या दारात उभं राहून ‘का?’ विचारण्याच्या हक्कावाचून. वर्गात हे मिळत असेल तर तो वर्ग कामाचा. नसेल तर तो आपल्याकडच्या मे महिन्यातल्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरासारखा, शेवटी प्रमाणपत्र आणि समोसा.

‘हिस्पॅनिक’ हा शब्दही या मुलांनी निवडलेला नाही. १९८०च्या जनगणनेत तो देशभरातल्या प्रत्येक घराच्या अर्जावर आला, पुढे २०००मध्ये त्याला ‘लॅटिनो’ जोडला गेला. घरात कोणी स्वतःला हिस्पॅनिक म्हणत नाही. मेक्सिकन, साल्वादोरियन, पोर्तोरिकन म्हणतात, जसं आपल्याला परदेशात पोचेपर्यंत ‘साउथ एशियन’ म्हणजे काय हे ठाऊक नसतं. पण आकडा मोठा आहे. २०२०च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांमध्ये चारातलं एक. ह्यूस्टनच्या सरकारी शाळांत तर साठ टक्क्यांहून अधिक. म्हणजे हा एका ‘वंचित गटा’चा बाजूचा प्रश्न राहिलेलाच नाही.

शाळेनंतरच्या वर्गांना सरकारी पैसा कुठल्या कारणाने मिळाला, हे पाहिलं की त्यांचा आजचा चेहरा समजतो. ‘एकविसाव्या शतकातील सामुदायिक शिक्षण केंद्रे’ असं लांबलचक नाव असलेली केंद्र सरकारची योजना १९९४च्या कायद्यात आली आणि क्लिंटन यांच्या काळात १९९८पासून फुगली. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच माहिती होती: शाळेच्या दिवशी अल्पवयीनांचे हिंसक गुन्हे सर्वाधिक घडतात ते शाळा सुटल्यानंतरच्या तासांत. माहिती खरीच आहे. दुपारी तीन ते सहा, आईबाप कामावर, घरात कोणी नाही. कॅलिफोर्नियात २००२ साली अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी याच मुद्द्यावर सार्वमत जिंकून दाखवलं. राज्यपाल होण्याआधीची त्यांची ती राजकारणातली तालीमच होती. त्या निर्णयातून पुढे वर्षाला ५५ कोटी डॉलरची सोय झाली, मात्र ती नववीपर्यंतच्या मुलांसाठी. त्यापुढच्या मुलांकडे, म्हणजे जी मुलं खरोखर नोकरी, प्रेम आणि कॉलेजच्या उंबरठ्यावर असतात त्यांच्याकडे, पैसा पोचला तो उरलासुरला.

भीतीपोटी आलेला पैसा राखणदार नेमतो. मुलगा सहा वाजेपर्यंत चार भिंतींच्या आत राहिला की काम झालं, अशी मोजणी सुरू होते. मग कोणीतरी विचारतं, गुण वाढले का? २००३ साली एका मोठ्या सरकारी मूल्यमापनात उत्तर आलं की फारसे नाहीत, आणि बुश सरकारने योजनेचा निधी १०० कोटींवरून ६० कोटींवर आणण्याचा प्रस्ताव ठेवला. श्वार्झनेगर सिनेटच्या समितीपुढे जाऊन आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध बोलले आणि कपात टळली. पण केंद्रांनी धडा घेतला तो असा की गुण दाखवायला हवेत. मग गृहपाठाच्या टेबलांची संख्या वाढली. नेतृत्व आणि जीवनकौशल्यांना उरला शेवटचा तास, आणि त्या तासाला आले छापील कागद.

आता शुगर लँडकडे बघा. गल्फ्टनपासून हायवेने वीस मिनिटं, आणि आमच्यासारख्या पुष्कळ मराठी कुटुंबांचं घर. आमची मुलंही तीन ते सहा रिकामी नसतात. रोबोटिक्स, वादविवाद, गणिताचा क्लास, शनिवारी-रविवारी मराठी शाळा आणि तबला. त्याला आम्ही ‘अॅक्टिव्हिटी’ म्हणतो, कॉलेजच्या अर्जात तेच ‘नेतृत्व’ म्हणून उतरतं. माझ्या मुलाला सोळाव्या वर्षी बँकेत एकट्याने जाता येत नव्हतं. त्याला कोणी जीवनकौशल्याच्या वर्गात घातलं नाही. वीस मिनिटांवर राहणारी, घराचं भाडं भरणारी मुलगी मात्र ‘जोखमीच्या गटातली’ ठरते आणि तिला करमणुकीच्या रकान्यात आकडा भरायला शिकवलं जातं. हा फरक मुलांच्या अंगच्या गुणांचा नाही हे लिहायची गरज पडू नये, पण आमच्या मंडळाच्या जेवणावळीतली बोलणी मी ऐकली आहेत, म्हणून लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी केली. निर्णय घेणं, समस्या सोडवणं, परिणामकारक संवाद, समानुभूती, ताणाशी जुळवून घेणं वगैरे. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना ती प्रशिक्षणांतून पाठ झाली असेल. ती यादी समोर ठेवून एका बारा वर्षांच्या मुलाची कल्पना करा. तो दवाखान्यात आईशेजारी बसलाय, डॉक्टर इंग्रजीत तिच्या गर्भाशयातल्या गाठीबद्दल सांगताहेत आणि ते त्याला स्पॅनिशमध्ये आईला सांगायचंय. ‘बायॉप्सी’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? आईला किती घाबरवायचं? डॉक्टरांचा कंटाळलेला सूर तिच्यापर्यंत पोचवायचा की मधेच गिळायचा? दहाच्या दहा कौशल्यं एका खुर्चीत. स्थलांतरितांच्या घरातल्या अशा मुलांवर अमेरिकेत बरंच संशोधन झालंय, आणि त्यात अभिमान आणि ओझं दोन्ही सापडतं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. तलाठ्याच्या ऑफिसात सातबारा वाचून दाखवणारी, बँकेत आजोबांची स्लिप भरून अंगठ्याची जागा दाखवणारी पहिल्या पिढीतली शिकणारी पोरं आपल्या गावागावात होती आणि आहेत.

त्या मुलाला संवादकौशल्य शिकवायला निघालेल्या माणसाने त्याच्या हातावर आधी एक माहिती ठेवली पाहिजे. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याने दुभाषा फुकट द्यायचा असतो, आणि २०१६च्या केंद्रीय नियमांनी, जीवघेणी तातडी सोडता, अल्पवयीन मुलाला दुभाषा म्हणून वापरायला मनाई केली आहे. ‘आम्हाला दुभाषा द्या’ हे वाक्य खिडकीपाशी उभं राहून, आवाज न चढवता आणि खालीही न आणता म्हणता येणं, हे माझ्या लेखी जीवनकौशल्य. हे मी एकाही छापील कागदावर पाहिलेलं नाही.

जुन्या लोकांना हे कळलेलं होतं. अँटोनिया पँटोहा १९४४ साली पोर्तोरिकोहून न्यूयॉर्कला आल्या, कारखान्यात दिवे बनवायचं काम केलं, पुढे समाजकार्य शिकल्या आणि १९६१मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘अस्पिरा’ उभी केली. नावाचा अर्थ, आकांक्षा धर. शाळाशाळांतून अस्पिराचे क्लब निघाले. मुलांनी आपल्या वस्तीचा प्रश्न आधी ओळखायचा, मग त्याची चिरफाड करायची, मग त्यावर काहीतरी करायचं. क्लबात दाखल होण्याच्या समारंभाला नाव दिलं ‘अरेयतो’, पोर्तोरिकोच्या मूळच्या ताइनो लोकांच्या सामूहिक नृत्यगायनावरून. शहरातल्या शाळा या मुलांना मंदबुद्धी समजून मागे बसवत असताना कोणीतरी त्यांना सांगत होतं की तुमच्या बेटाला इतिहास आहे. आणि अस्पिरा समारंभांवर थांबली नाही. १९७२मध्ये तिने न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाला कोर्टात खेचलं, आणि १९७४च्या तडजोडनाम्याने इंग्रजी न येणाऱ्या स्पॅनिशभाषक मुलांना त्यांच्या भाषेतून विषय शिकण्याचा हक्क मिळाला. नेतृत्वाचा वर्ग घेणारी संस्था स्वतः नेतृत्व करत होती, ते मुलांना दिसत होतं. पँटोहांना १९९६मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मिळालं, हे ओघाने सांगितलं. मला तो तडजोडनामा जास्त मोठा वाटतो.

दुसरी गोष्ट लॉस एंजेलिसची. मलिबूला समुद्राजवळ एका ज्यू मंदिराची शिबिराची जागा होती, कॅम्प हेस क्रेमर. १९६३पासून तिथे मेक्सिकन-अमेरिकन मुलांचं नेतृत्व शिबिर भरू लागलं. वरवर निरुपद्रवी, शनिवार-रविवारचं. मुलं तिथे पहिल्यांदा दुसऱ्या शाळांतल्या मुलांना भेटली आणि तक्रारी ताडून पाहू लागली. तुमच्याकडेही स्पॅनिश बोललं की फटके? तुमच्याकडेही स्वच्छतागृहांना कुलूप? तुमचाही कौन्सेलर कॉलेजचं नाव काढलं की गॅरेजचं काम सुचवतो? लिंकन हायस्कूलमधले सामाजिक शास्त्रांचे शिक्षक साल कॅस्ट्रो या शिबिरांचा कणा होते. मार्च १९६८मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. कॅस्ट्रोंसह तेरा जणांवर कटाचे आरोप ठेवले गेले, त्यांची शिकवण्याची जागा गेली, लोकांनी शिक्षण मंडळाच्या सभागृहात ठाण मांडलं तेव्हा ती परत मिळाली, आणि आरोप पुढे कोर्टात टिकले नाहीत. शिबिराला जाणाऱ्या मुलींपैकी व्हिकी कॅस्ट्रो (साल यांची नातेवाईक नव्हे) १९९३मध्ये त्याच शिक्षण मंडळावर निवडून आली.

आज कुठल्या जिल्ह्याची ग्रँट अशा शिबिराला पैसे देईल? चाळीसेक वर्षांनी शाळेला साल कॅस्ट्रोंचं नाव देणं सोपं आहे, तसं नाव दिलंही गेलं. पण आत्ता, या वर्षी, मुलांनी ‘आमच्या शाळेला ग्रंथपाल का नाही?’ असा विषय ‘नेतृत्व प्रकल्प’ म्हणून घेतला तर केंद्रवाल्यांच्या कपाळावर आठी येते. शाळेचीच खोली, शाळेचेच दिवे. मग विषय ठरतो ‘कॅन गोळा करून अन्नपेढीला देणे’. ज्यांच्या घरी त्याच अन्नपेढीचे कॅन येतात, त्या मुलांना.

सरकारी पैशातून सरकारला प्रश्न विचारायला शिकवावं का, हा आक्षेप मला मान्य करायला जड जातो, पण त्याला मी हसणार नाही. ॲरिझोनात २०१०मध्ये याच आक्षेपाचा कायदा झाला. टूसॉनच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम त्याखाली बंद पडला, कारण म्हणे तो मुलांच्या मनात द्वेष पेरत होता. पुढे अभ्यासकांना आढळलं की तो शिकलेली मुलं परीक्षांत आणि पदवीपर्यंत पोचण्यात इतरांहून पुढे होती, आणि २०१७मध्ये केंद्रीय न्यायालयाने बंदीमागे वांशिक आकस होता असा निर्वाळा दिला. आपला प्रश्न विचारायला मिळालेलं मूल शाळेत टिकतं. माझ्यासाठी एवढं पुरे आहे.

मात्र माझ्या बाजूने सगळंच सरळ नाही. शिकागोत ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा कार्यक्रम आहे, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलग्यांसाठी. त्यात पहिल्याच दिवशी दोघांची जोडी लावतात, एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत काढून घे. मुलं एकमेकांच्या बोटांशी झुंजतात, हात पिरगाळतात. मग विचारतात, ‘‘मागितला का नाहीस?’’ राग येण्यातून हात उचलण्यापर्यंतचा तो क्षण लांबवायला शिकवणं, एवढाच गाभा. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली आणि ताडून पाहिलं, तेव्हा कार्यक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांतल्या अटका जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. म्हणजे शिकवण्याजोगं कौशल्य असतं, आणि ‘मुलांकडे सगळं आहेच’ असं म्हणणं ही माझीही भाबडी चूक ठरेल. दोन गोष्टी तेवढ्या नोंदवते: चेंडूच्या त्या खेळाला छापील कागद लागत नाही, आणि कार्यक्रम संपल्यावर अटकांमधला तो फरक टिकला नाही. वस्ती तीच होती.

मला सगळ्यात पटलेला प्रयोग आमच्याच टेक्सास राज्यातला. सॅन अँटोनियोमध्ये १९८४ साली एका शैक्षणिक संशोधन संस्थेने, कोका-कोलाच्या पैशाने, उलटाच डाव मांडला. शाळा सोडतील अशी भीती असलेली, बहुतेक हिस्पॅनिक मुलं निवडली आणि त्यांनाच प्राथमिक शाळेतल्या लहानग्यांचे शिक्षक केलं. आठवड्यातून काही तास, शाळेच्या वेळेतच, आणि त्या तासांचा किमान वेतनाने पगार. गणितात नापास होणारा मुलगा दुसरीच्या पोराला वजाबाकी समजावू लागला. त्याला उशीर झाला की ते पोर दाराकडे डोळे लावून बसायचं. सुरुवातीच्या एका अभ्यासात दोन वर्षांनी या छोट्या शिक्षकांपैकी १ टक्का शाळा सोडून गेले होते, तुलनेच्या गटातले १२ टक्के. अभ्यास थोड्याच मुलांचा होता, हेही सांगायला हवं. पण पगार दिला हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘तुझ्या वेळेला किंमत आहे’ हे त्या मुलाला चेकवर लिहून मिळालं.

कारण वेळ फुकट नसतो. बजेट उलट्या बाजूला लिहिणारी ती मुलगी मार्चपासून यायची थांबली. आता ती संध्याकाळी आईबरोबर ऑफिसं साफ करायला जाते. केंद्राच्या तक्त्यात तिच्यापुढे ‘रस कमी झाला’ असा शेरा आहे. मोजकेच शेरे उपलब्ध असतात, त्यातला एक. तासाला काही डॉलर देण्याची तरतूद असती तर ती आली असती का? मला वाटतं, आली असती. धाकट्या भावाला बरोबर आणायची मुभा असती तर आधीचे कित्येक बुधवारही तिचे बुडाले नसते. स्पॅनिशमध्ये ‘एदुकासिओन’ म्हणजे केवळ शाळाशिक्षण नव्हे. मोठ्यांशी कसं वागावं, घराला कसं धरून राहावं, हे सगळं त्यात येतं. आपण ज्याला वळण म्हणतो ते. भावाला एकटं टाकून नेतृत्वाच्या वर्गाला येणारी मुलगी तिच्या घरच्या मापाने ‘माल एदुकादा’, म्हणजे वळण नसलेली, ठरते. मी त्या वळणाची आरती ओवाळत नाही. थोरल्या मुलीच्या खांद्यावर घर टाकून मोकळं होण्याची रीत आपल्याही घरांत होती आणि तिने किती जणींची शिक्षणं खाल्ली ते आपल्याला ठाऊक आहे. पण तिचा खांदा हलका करायचा तर भावाच्या खुर्चीची सोय करावी लागते. तिला ‘ठामपणे नाही म्हणायला शिका’ हा धडा देऊन ते होत नाही.

आणि मग कॉलेजची माहिती. टेक्सासने २००१मध्ये, देशात सर्वांत आधी, कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही राज्यातल्या रहिवाशांच्या दराने कॉलेजची फी लावणारा कायदा केला होता. रिपब्लिकन राज्यपाल रिक पेरी यांची त्यावर सही आहे. जून २०२५मध्ये केंद्र सरकारने दावा लावला आणि राज्याने त्याच दिवशी मान तुकवली. कायदा गेला. बारावीतल्या काही मुलांची फी एका दुपारीत कित्येक पटींनी वाढली. त्या आठवड्यात आमच्या केंद्रातला तक्त्यावरचा विषय होता ‘ध्येयनिश्चिती’.

त्याच वर्षी जुलैत केंद्र सरकारने शाळेनंतरच्या वर्गांचा १०० कोटी डॉलरहून अधिक निधी अडवून धरला, आणि दोन-तीन आठवड्यांच्या आरडाओरड्यानंतर सोडला. त्याआधी जानेवारीत, शाळांच्या आवारात स्थलांतर खात्याने सहसा कारवाई करू नये, हे जुनं धोरण रद्द झालं होतं. तेव्हापासून न्यायला येणारे आईबाप गाडीतून उतरत नाहीत. काही येतच नाहीत. शेजारीण येते आणि चार घरची मुलं एकदम घेऊन जाते. अंधार पडायच्या आत मुलं घरी पोचावीत म्हणून आमचं केंद्र आता सहाऐवजी पाचला बंद होतं. निर्णय चुकीचा होता असं मला म्हणवत नाही. एक तास कापायचा होता, आणि गृहपाठाचा तास अहवालात लागतो, म्हणून नेतृत्वाचा गेला.

पुढच्या बुधवारी दोन मुलं आणि एक मुलगी पावणेपाचला ऑफिसच्या दारात उभी होती. एका वहीच्या पानावर तीन वाक्यं लिहून आणली होती, खाली अकरा सह्या. पाचला बंद करण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. कुठला तास कापायचा हे आम्हाला का विचारलं नाही, एवढंच त्यांनी विचारलं होतं. पान अजून ऑफिसच्या टेबलावर आहे, पंच केलेलं, कुठल्या फाइलला लावायचं ते न ठरलेलं.